सातपुड्यातल्या आरोग्य केंद्राला टीबीचं मशीन द्यायचंय? जीनएक्सपर्ट, ट्रूनॅट आणि जुना मायक्रोस्कोप

पैसे जमलेत, मंडळ तयार आहे, धडगाव-अक्कलकुवा भागातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मशीन द्यायचं ठरलंय, पण कोणतं यावर गाडी अडलीय. अशी विचारणा मला वर्षातून दोन-तीनदा तरी होते. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: बेडका कुठून येणार, आणि तो देणारा माणूस पुन्हा कधी भेटणार? दिवाळी झाली की या पाड्यांवरची माणसं कोयता घेऊन गुजरातला उसावर जातात, ती होळीला परततात. नमुना एसटीने तालुक्याला गेला, रिपोर्ट चार दिवसांनी आला, तोवर गडी बारडोलीकडच्या फडात. म्हणून अचूकतेच्या आकड्यांइतकेच मार्क मी उत्तर त्याच दिवशी मिळण्याला देतो.

मायक्रोस्कोप स्वस्त आणि दणकट. पण काचपट्टीवर जंतू दिसायचे तर एक मिलिलीटर बेडक्यात ते 5,000 ते 10,000 असावे लागतात. जीनएक्सपर्ट हे जंतूंचा डीएनए शोधणारं मशीन; त्याच्या पहिल्या कार्ट्रिजला, म्हणजे नमुना ओतायच्या डबीला, 130च्या आसपास पुरतात, नंतर आलेल्या ‘अल्ट्रा’ कार्ट्रिजला 16. आजार नुकता सुरू झालेला, किंवा सोबत एचआयव्ही असलेला रुग्ण काचपट्टीवर निगेटिव्ह येतो आणि खोकत घरी जातो. शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, ते मायक्रोस्कोप सांगतच नाही. तरी तो अडगळीत टाकू नका. औषधं सुरू झाल्यावर मेलेल्या जंतूंचा डीएनए मशीनला सापडत राहतो, त्यामुळे गुण येतोय का हे बघायला काचपट्टीच लागते.

खरी लढत पुढच्या दोघांत.

जीनएक्सपर्टला जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मान्यता दिली. काम सोपं: बेडक्यात द्रावण मिसळायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, कार्ट्रिजमध्ये ओतून मशीनमध्ये ठेवायचं. दोन तासांच्या आत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिनला दाद देतो का, दोन्ही कळतं. चार खणांचं मशीन एका वेळी चार नमुने घेतं. पण त्याचे लाड पुरवावे लागतात. सोबत कॉम्प्युटर, भरवशाची वीज, खोलीचं तापमान 15 ते 30 अंश, कार्ट्रिज 28 अंशांच्या आत, दरवर्षी कॅलिब्रेशन. खान्देशातला मे महिना आठवा आणि एसीचं बिल कोण भरणार ते आधीच लिहून घ्या.

ट्रूनॅटही डीएनएच शोधतं; ते गोव्याच्या मोलबायो कंपनीचं, 2020 मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. बॅटरीवर चालतं, सुटकेसमध्ये मावतं, एसीवाचून निभावतं. विजेचा लपंडाव असलेल्या केंद्रासाठी मला हेच योग्य वाटतं. पण विक्रेते एक गोष्ट हळूच सांगतात: मशीन उकाडा सोसतं, पण चिप (प्रत्येक चाचणीला लागणारी छोटी पट्टी) 30 अंशांच्या आतच ठेवावी लागते. म्हणजे थंड कपाट किंवा फ्रिज आलाच. इथे टेक्निशियनच्या हाताला कामही जास्त. आधी एका यंत्रात डीएनए वेगळा काढायचा, मग पिपेटने चिपवर थेंब सोडायचा. टीबीचं उत्तर साधारण तासाभरात, रिफाम्पिसिनसाठी दुसरी चिप आणि आणखी एक तास. लहान मॉडेल एका वेळी एकच चिप घेतं. दिवसाला पाच-सहा नमुने येणार असतील तर भागतं. पंचवीस येणार असतील तर टेक्निशियनला जेवायला वेळ मिळणार नाही. अचूकतेत मायक्रोस्कोपच्या बराच पुढे, अल्ट्राच्या मात्र थोडा मागे.

अल्ट्रालाही एक खोड आहे. तो कधी कधी ‘ट्रेस’ असा निकाल देतो. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्या माणसात तो जुन्या अवशेषांचा असू शकतो. तिथे कागद बघून गोळ्या सुरू करायच्या नसतात. डॉक्टरने रुग्ण तपासूनच ठरवायचं असतं.

बजेटमध्ये जागा असेल तर हातात धरायच्या एक्स-रेचाही विचार करा. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के एक्स-रे नसता तर निसटले असते. मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावात शिबिर घेऊन फक्त ‘खोकला आहे का’ विचारलं तर ‘नाही’ ऐकून परत याल. पण एक्स-रे संशयच दाखवतो, शिक्कामोर्तब बेडक्यावरच. रक्ताच्या झटपट कार्डांवर मात्र एक रुपयाही घालवू नका. टीबीच्या निदानासाठी त्यांच्यावर भारतात 2012 पासून बंदी आहे, तरी शहरातून कुणीतरी ती विचारतंच.

माझा कौल असा. ग्रामीण रुग्णालय असेल, वीज टिकत असेल, आजूबाजूच्या केंद्रांतून नमुने येत असतील तर जीनएक्सपर्ट. घाटावरचं एकटं केंद्र असेल तर ट्रूनॅट, पण तीन अटींवर: टेक्निशियनची जागा भरलेली हवी, वर्षभराच्या चिप कोण पुरवणार ते जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडून लेखी हवं, आणि दुरुस्तीचा करार हवा. एका ठिकाणी मी मशीन पाहिलं, उद्घाटनाचा हार सुकून तसाच लटकत होता. चिप संपून पाच महिने झाले होते. यातलं काहीच जमत नसेल तर मशीन देऊच नका. आठवड्यातून तीनदा नमुने घाट उतरवून शहाद्याला नेणाऱ्या मोटरसायकलचं पेट्रोल द्या.

आणि थोडे पैसे आशाताईंसाठी राखा. पावरी बोलणाऱ्या आजीला मराठीत ‘बेडका द्या’ म्हटलं की ती डबीत लाळ थुंकते, आणि लाळेतून अल्ट्रालाही जंतू सापडायची शक्यता कमी होते. सकाळी चूळ भरून, दोन-तीन दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खोकून कसं काढायचं, हे तिच्या बोलीत करून दाखवणारी बाई डबी देतानाच तिथे हवी.