सईस व्हायचंय: पुण्या-मुंबईचा रेसचा तबेला की गोव्यातली घोडेस्वारीची शाळा?

माझ्या मावसभावाचा मुलगा बारावीनंतर दोन वर्षं मोरजीला हॉटेलात राबला. आता म्हणतो, घोड्यांचं काम करीन. आपल्याकडे शिगम्याला सत्तरीत घोडेमोडणी होते, पण ते घोडे लाकडी. जिवंत घोड्याचा नाद पेडण्यातल्या पोराला लागावा याचा मला आनंदच झाला. मी सहा वर्षं रेसच्या घोड्यांचा सईस, म्हणजे त्यांची निगा राखणारा, होतो. त्यानंतर गोव्यातच, घोडेस्वारी शिकवणाऱ्या तबेल्यात आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

गोव्यात रेसकोर्स नाही, त्यामुळे रेसचा सईस व्हायचं तर घाट चढावा लागतो. पावसाळ्यात पुण्याचा हंगाम. तो संपला की घोड्यांबरोबर ट्रकने मुंबईला, महालक्ष्मी रेसकोर्सवर, साधारण एप्रिलपर्यंत. म्हणजे चवथ, गणेश चतुर्थी, पुण्यात जाते आणि शिगमो मुंबईत. सहा वर्षांत गणपतीवरची फळा-पानांची माटोळी घरी बांधायला मी एकदाच होतो. आई काही बोलायची नाही, पण फोनवर गप्प व्हायची.

इथे नेमकं उलट. ऑक्टोबर ते मे पर्यटक आणि शिकणारी मुलं, पावसात स्वारी जवळजवळ बंद. चवथीला घरी असतो. पण त्या महिन्यांत तबेल्यात पैसा येत नाही, पगार पुढे ढकलला जातो आणि काम मात्र वाढतं. सततच्या ओलीने खुराचा तळ सडतो, काळा पडून वास मारतो. दिवसातून दोनदा खूर साफ करून कोरडे ठेवले नाहीत तर घोडा लंगडतो.

रेसच्या तबेल्यात दिवस पहाटे चारला सुरू होतो. लीद काढायची, घोडा तयार करून ट्रॅकवर न्यायचा. परत आला की घाम निपटून, श्वास शांत होईपर्यंत हाताने फिरवायचा, मग आंघोळ, खरारा, चंदी म्हणजे दाणा. दुपारी थोडी झोप, संध्याकाळी पुन्हा फिरवणं. हे कष्ट दोन्हीकडे आहेत. रेसच्या तबेल्यात जे शिकायला मिळतं ते मात्र दुसरीकडे नाही, आणि ते म्हणजे पाय.

थरोब्रेडचं, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याचं, वजन साडेचारशे-पाचशे किलो आणि पाय मनगटासारखे. भरधाव पळताना एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पायावर असतो. आमच्या जमादाराने, म्हणजे सईसांच्या मुकादमाने, पहिले तीन महिने मला दुसरं काही शिकवलंच नाही. रोज संध्याकाळी घोड्याच्या पायाची पट्टी सोडायची, गुडघ्याखाली मागच्या बाजूने तळहात हळूहळू खाली न्यायचा, मग दुसऱ्या पायावरून तसाच. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित गरम लागला तरी सांगायचं. डोळ्याला सूज दिसायच्या आधी हाताला ऊब कळते. एका घोडीच्या बाबतीत मी ती वेळेवर सांगितली, तिला दोन दिवसांवर आलेल्या रेसमधून काढलं आणि ती वाचली. त्या दिवसाइतका अभिमान मला नंतर कशाचाच वाटलेला नाही.

शिस्तही तिथली वेगळी. रेसनंतर घोड्याच्या लघवीची तपासणी होते, तेव्हा सईसच त्याला घेऊन उभा असतो आणि शीळ घालत वाट बघतो. चहातलं कॅफिनही नमुन्यात चालत नाही, म्हणून चहात बुडवलेला पाव प्रेमाने भरवायचा नाही. घरगुती मलमाला हात लावायचा नाही. आमच्या गोव्यातल्या घोड्यांना मुलं गाजर, सफरचंद, काहीही आणून देतात आणि मला ते बघायला आवडतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. रेसचा घोडा दोन वर्षांचा असताना पळू लागतो आणि बरेचसे पाच-सहाव्या वर्षापर्यंत बाहेर पडतात. मालक विकतो, ट्रेनर बदलतो, पाय जातो. ज्याला तुम्ही रोज हाताने खाऊ घातलं, तो एका सकाळी जागेवर नसतो. तुम्हाला विचारायचं कुणालाच कारण नसतं. मला हे सहन होईना, मी परतलो त्याचं खरं कारण हेच. आमच्या तबेल्यातली बहुतेक जनावरं रेसमधूनच आलेली आहेत. पाठीवर कुणी बसताना शांत उभं राहायचं असतं, हेच त्यांना आधी शिकवावं लागतं. इथे तोच घोडा म्हातारा होईपर्यंत तुमच्याजवळ राहतो.

उणी बाजूही सांगतो. रेसकोर्सवर घोड्यांचे डॉक्टर जवळच असतात. इथे एका रात्री आमची एक घोडी सारखी पोटाकडे वळून बघू लागली, खुराने जमीन उकरू लागली. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ जीव घेऊ शकतो. डॉक्टर पोचेपर्यंत तीन तास मी तिला एकटा फिरवत होतो. ती जगली. पण काय बघायचं आणि लोळू का द्यायचं नाही, हे मी तिकडेच शिकलो होतो.

त्यामुळे माझं मत असं: पंचविशीच्या आत असाल, घरी कुणी तुमच्यावर अवलंबून नसेल, तर आधी दोन पूर्ण हंगाम रेसच्या तबेल्यात काढा. लहान मुलं किंवा म्हातारे आईवडील असतील तर इथेच बघा. पण मग माणसांशीही जमायला हवं, कारण निम्मं काम घाबरलेल्या मुलांना धीर देण्याचं आहे. महालक्ष्मीवर आयुष्य काढायचं ठरवण्याआधी एक लक्षात घ्या: 2024 मध्ये तिथल्या 211 एकरांपैकी 120 एकर उद्यानासाठी महापालिकेला द्यायचं ठरलं. रेसचं काम थांबलेलं नाही, पण जागा आकसणार.

दोन्हीकडे विचारायचे प्रश्न सारखेच. झोपायची खोली कुठे? आठवड्याची सुट्टी मिळते का? लाथ बसून हाड मोडलं तर दवाखान्याचा खर्च कोण देतं आणि तेव्हा पगार चालू राहतो का? धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र जायच्या आधी स्वतःच घ्या. आणि तबेला बघायला सकाळी जाऊ नका, संध्याकाळी पाचला जा. पट्ट्या सुटलेल्या असतात. कुणी वाकून घोड्याच्या पायावरून हात फिरवतंय का, ते बघा.