मांडवी-जुवारीसाठी रॉम्स घ्यावे की एफव्हीकॉम?

गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांच्या प्रवाहांवर प्रबंध करणार असाल तर माझे मत आधीच सांगते: प्रश्न नदीच्या आतला असेल तर एफव्हीकॉम, समुद्राकडचा असेल तर रॉम्स. ही दोन्ही पाण्याचे प्रवाह आणि क्षारता संगणकावर मांडणारी मॉडेल्स; दोन्ही फुकट मिळतात, दोन्ही त्रिमितीय आहेत. खरा फरक जाळीत, म्हणजे आकडेमोडीसाठी पाण्याचे तुकडे कसे पाडतात त्यात आहे.

रॉम्सची जाळी चौकटींची. किनाऱ्याप्रमाणे ती थोडी वाकवता येते, पण मांडवी मुखाशी काही किलोमीटर रुंद आणि वर, गांजे गावापाशी अगदी चिंचोळी. २०० मीटरच्या चौकटी घेतल्या तर आग्वादचा उपसागर छान उतरतो आणि कुंभारजुवे कालवा पुसला जातो. तो गेला की दोन्ही नद्यांना आतून जोडणारा दुवाच तुटला. मग क्षारतेचे आकडे कितीही नेटके दिसोत, त्यांवर भरवसा ठेवू नका. एफव्हीकॉमचे त्रिकोण कालव्यात लहान आणि खोल समुद्रात मोठे ठेवता येतात. मात्र काळाची पायरी (आकडेमोड एका वेळी किती सेकंद पुढे सरकते ते) सर्वांत लहान त्रिकोणावर ठरते. एखादा अणकुचीदार त्रिकोण नजरेतून सुटला की सगळी आकडेमोड रेंगाळते. जाळी नीट करण्यातच बराच वेळ जाईल, हे धरून चाला.

रॉम्सचे बळ किनाऱ्याबाहेर दिसते. पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. पावसाळ्यात तळाचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे सरकते. त्याचा खाडीच्या तोंडाशी काय परिणाम होतो, हे शोधायचे असेल तर रॉम्सच. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी सागरी माहिती संस्था अंदाजासाठी तेच वापरते, त्यामुळे अडल्यावर विचारायला आपल्याकडे जाणकार आहेत.

द्विमितीय मॉडेलने, म्हणजे वरपासून तळापर्यंतच्या पाण्याची एकच सरासरी धरणाऱ्या मॉडेलने भागेल का? मे महिन्यात बऱ्यापैकी भागते. नदीचे पाणी तेव्हा नगण्य असते आणि भरती-ओहोटी सगळे पाणी तळापर्यंत घुसळते. उधाणाला पाण्याची चढ-उतार सुमारे २.३ मीटर, आणि भरती जवळजवळ ५० किलोमीटर आत पोचते. जुलैत मात्र वरून गोडे पाणी समुद्राकडे धावते आणि तळाशी खारे पाणी आत शिरू पाहते. दोन्हींची सरासरी काढली तर हे उलटे प्रवाह दिसतच नाहीत. पाऊस ओसरल्यावर खारे पाणी खाजनाच्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतीच्या) मानशीपर्यंत, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दारापर्यंत, पुन्हा कधी चढेल, हे शेतकऱ्याला सांगायचे असेल तर थर वेगळे ठेवावेच लागतात.

कोणतेही मॉडेल घेतले तरी पडताळणी फक्त मुरगावच्या भरतीवर थांबवू नका. भरती लवकर जुळते. क्षारता जुळते का, ते मे आणि ऑक्टोबर, दोन्ही महिन्यांत वरच्या आणि तळाच्या थरांत वेगवेगळे तपासा.