तबला ऐकायला षण्मुखानंदची बाल्कनी चालेल का?

डोंबिवलीत माझ्याकडे शनिवार-रविवार तबला शिकायला मुलं येतात. थंडी सुरू झाली, मैफलींच्या जाहिराती यायला लागल्या की त्यांचे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. खालची तिकिटं महाग, घरातली माणसं चार. मुंबईतल्या षण्मुखानंद सभागृहाच्या वरच्या बाल्कनीतून काही कळतं का, की नुसतंच जाऊन आल्याचं समाधान?

माझं उत्तर एका रात्रीच्या भरवशावर आहे. करोनाच्या आधीचा हिवाळा, उस्ताद झाकीर हुसेन यांचं एकल वादन, आणि मी नि माझा अकरा वर्षांचा भाचा दुसऱ्या बाल्कनीत, शेवटून तिसऱ्या रांगेत.

त्याआधी मी उस्तादजींना बावीस वेळा ऐकलं होतं. तालाच्या वहीच्या मागच्या पानावर सगळ्या तारखा आहेत. त्यातल्या कितीतरी ३ फेब्रुवारीच्या. २००० साली त्या दिवशी त्यांचे वडील, तबलावादक अल्लारखाँसाहेब गेले, आणि पुढे अल्लारखाँसाहेबांच्या मुलांनी बरसीला, म्हणजे पुण्यतिथीला, दिवसभराची मैफल सुरू केली. सूर्य उगवायच्या आत घरातून निघायचं, लोकलमध्ये डुलकी काढायची आणि सकाळी सकाळी सभागृहात तबला ऐकायचा. माझ्यासाठी तो सणच होता. पण तेव्हा मी पैसे साठवून खालचं तिकीट काढायची. बाल्कनीत बसले ती भाच्यामुळे. दोन तिकिटं खालची परवडली नसती.

जायचं कसं? डोंबिवलीहून जलद गाडीनं कुर्ला, तिथून धीमी पकडून सायन. जलद गाड्या सायनला थांबत नाहीत, आणि नवीन माणूस हमखास इथेच चुकून दादरला जातो. सायनला उतरून गांधी मार्केटच्या दिशेनं चालत पंधरा मिनिटं. आम्ही आधी किंग्ज सर्कलला कॅफे मद्रासच्या रांगेत उभं राहून रसम वडा खाल्ला, मी फिल्टर कॉफी घेतली. वेळ हाताशी असेल तरच हे करा, रांग मोठी असते.

सभागृह प्रचंड आहे. १९९० मध्ये आगीत गेलेली ही वास्तू १९९८ मध्ये पुन्हा उभी राहिली. पावणेतीन हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत. दुसऱ्या बाल्कनीतून रंगमंचावरचा माणूस करंगळीएवढा दिसतो. भाच्याचा चेहरा पडला. त्या दिवशी बाजूला मोठे पडदे लावले होते, हात त्यांच्यावर दिसत होते.

उस्तादजी आले, वाकून नमस्कार केला, बसले, हाताला पावडर लावली आणि हातोडी उचलली. मग चांगली चार-पाच मिनिटं नुसतं लावणं. गठ्ठ्यावर (बाजूच्या लाकडी ठोकळ्यावर) एक ठोका, गजऱ्यावर (कडेच्या चामडी वेणीवर) एक हलकी टकटक, चाटीवर (पुडीच्या कडेवर) एक बोट, मान खाली, कान तबल्याशी. सारंगीचा लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी तीच ती धून, मागे सुरूच होता. भाच्यानं विचारलं, ‘मावशी, सुरू झालं का?’ मी हो म्हटलं. तबला कुठल्या घराला, म्हणजे गजऱ्यावरच्या कुठल्या जागी, उतरलाय आणि तो कसा वर आणतात, हे त्या चार मिनिटांत जेवढं शिकायला मिळतं तेवढं माझ्या वर्गात चार महिन्यांत मिळत नाही. उशिरा येणाऱ्यांनो, तुमचं नेमकं हेच हुकतं.

आमच्या पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मोबाइल वर धरून चित्रीकरण सुरू केलं. पूर्ण उजेडाचा पडदा, थेट आमच्या डोळ्यांत. मी दोनदा विनंती केली, ऐकलं नाही. शेवटी बॅटरी घेऊन फिरणाऱ्या मुलानं येऊन बंद करायला लावलं. तोवर पेशकारातली, म्हणजे वादनाच्या पहिल्या संथ भागातली, सुरुवातीची दोन-तीन आवर्तनं (तालाच्या फेऱ्या) गेली होती. त्या आवर्तनांचं मला आजही वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं सांगते. झाकीरजी म्हटलं की लोक वेगाबद्दल बोलतात. मला वाटतं, त्यांचं खरं मोठेपण साध्या ठेक्यात, म्हणजे तालाच्या मूळ बोलांत होतं, आणि ते मला बाल्कनीत बसून कळलं.

सोळा मात्रांच्या तीनतालाचा ठेका सगळ्यांना पाठ असतो. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत बोल बंद. डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याचा, घुमारा नाही, नुसता उजवा हात. चौदाव्या मात्रेला ‘धिं’वर डग्गा परत येतो. मी हे शेकडो वेळा शिकवलंय. पण पुढच्या रांगांत बसलं की डोळे बोटांवर खिळतात आणि कान त्यांच्या मागे फरफटत जातात. पडद्यावर हात दिसले तरी वरून एकेक बोट टिपता येत नव्हतं. राहिला तो फक्त नाद. चार मात्रा डग्गा गप्प असायचा तेव्हा एवढ्या मोठ्या सभागृहाखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटायचं. चौदाव्याला तो परत यायचा तो आदळून नाही. आधी एक हलका स्पर्श, मग मनगटाचा दाब, आणि स्वर खालून वर चढत धापर्यंत. पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, त्या एका मींडेतच, त्या घसरत्या स्वरातच, दिसायची. दर आवर्तनाला ती मींड निराळी. कधी लांबवलेली, कधी निम्म्यावर सोडलेली, एकदा तर इतकी बारीक की आली का नाही याची शंका यावी. मी वहीत त्या रात्रीपुढे एवढंच लिहिलंय : ‘चौदावी मात्रा.’

झाकीरजींच्या पंजाब घराण्याची वादनशैली पखवाजावरून आली असं आम्ही परीक्षेत लिहितो. तो डावा हात ऐकला की लिहायचं कारण समजतं.

नंतर ठरलेल्या रचना वाजल्या : कायदे झाले, भरधाव बोलांचे रेले झाले, गती झाल्या. शंकराचा डमरू आणि शंख झाला, त्यावर सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मीही राहिले. मला ते फार आवडतं, पहिल्यांदा ऐकल्यासारखंच दर वेळी आवडतं. एका चक्रदारात, म्हणजे तीनदा वाजून समेवर येणाऱ्या रचनेत, भाचा बोटांवर मोजत होता, तिसऱ्या फेरीत चुकला आणि सम आल्यावर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याला फसवलंय.

बाल्कनीत गमावलं ते रेल्यात. धिरधिर तिरकिट द्रुत लयीत गेलं की इतक्या अंतरावर एकेक अक्षर सुटं ऐकू येत नाही, बोलांची सर लागते. शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) काठावरच्या नि मैदानातल्या (शाईभोवतीच्या मोकळ्या पट्ट्यातल्या) आवाजातला फरकही पुसट होतो. म्हणून जी मुलं तीन-चार वर्षं शिकलीत, रेले बसवतायत, त्यांनी खाली मधल्या रांगांत बसावं. अगदी पुढे नको, तिथे स्पीकर एका बाजूला पडतो. नवशिक्यांना मात्र खुशाल वर न्या. ठेका ऐकायला शिकण्यासाठी त्यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

१५ डिसेंबर २०२४ ला उस्तादजी सॅन फ्रान्सिस्कोत गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाले होते. जन्म मात्र माहीमचा, शाळा माहीमचीच, षण्मुखानंदपासून जेमतेम तीन-चार किलोमीटर. माझ्या वहीत त्यांच्या तारखा आता वाढणार नाहीत. दुसऱ्या वादकांसाठी मी नवीन पान काढलंय, आणि बाल्कनीचं तिकीट काढते.

त्या रात्री सायनहून धीमी मिळाली, डोंबिवलीपर्यंत सगळी स्टेशनं घेणारी. भाचा खिडकीशी बसला. डमरूबद्दल बोलेल असं मला वाटलं होतं. विक्रोळी गेल्यावर त्यानं विचारलं, ‘मावशी, ते डग्ग्यावर मनगट पुढे सरकवतात ना, ते बोल वाजवायच्या आधी की नंतर?’

‘तू पडद्यावर बघितलंस ना? काय वाटलं?’

त्यानं दप्तर मांडीवर घेतलं आणि त्यावर ठेका धरला. मुलुंड येईपर्यंत डावा हात दहाव्या मात्रेला उचलत होता, चौदाव्याला ठेवत होता.