नागपुरातलं ‘कॅनडा पाहणी’ पॅकेज: फाईल पास, दौरा नापास

धरमपेठ, रामदासपेठ आणि बर्डीवरच्या व्हिसा कार्यालयांत आता विद्यार्थी-व्हिसाच्या जोडीला आणखी एक गोष्ट विकायला असते. कायमचं जायचं की नाही हे ठरवण्याआधी नवरा-बायकोने एकदा देश बघून यावा, म्हणून दोन आठवड्यांचा ‘पाहणी दौरा’. धरमपेठेतल्या एका कार्यालयाच्या १४ रात्रींच्या कॅनडा पॅकेजचं हे परीक्षण. त्यात तीन कामं एकत्र बांधलेली आहेत: व्हिजिटर व्हिसाची फाईल, विमान-हॉटेलसह दौरा आणि पीआरचा म्हणजे कायम रहिवासाचा सल्ला. तिन्हींचा दर्जा इतका वेगवेगळा आहे की सगळ्यांना मिळून एक शेरा देता येत नाही.

फाईलचं काम खरोखर चांगलं आहे. सरकारी फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटोचे, ८५. कुटुंबाने एकत्र अर्ज केला तर बायोमेट्रिकचे मिळून जास्तीत जास्त १७०. ही रक्कम कार्यालयाच्या फीपासून वेगळी लिहून देतात, त्यामुळे आपण कोणाला किती देतोय हे कळतं. अर्ज ऑनलाइन असतो आणि प्रत्येक फाईलला ४ एमबीची मर्यादा असते. घरी केलेले अर्ज इथेच अडतात. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत स्कॅन केलेलं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातं, मग ते इतकं दाबलं जातं की शिल्लक रकमेतला ३ आणि ८ सारखाच दिसतो. इथे पानं काळ्या-पांढऱ्यात १५० ते २०० डीपीआयवर स्कॅन करून विषयवार एकेक पीडीएफ बनवतात आणि पहिल्या पानावर आत काय आहे त्याची यादी लावतात. नेटबँकिंगमधून थेट पीडीएफ उतरवता येत असेल तर स्कॅनच्या भानगडीत पडूच नका.

सातबाऱ्याची हाताळणीही नीट आहे. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असेल तर तो परत येण्याचा भक्कम पुरावा ठरतो, पण मराठी उतारा तसाच जोडून चालत नाही. इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचं शपथपत्र आणि मूळ उताऱ्याची प्रत, तिन्ही लागतात. भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, मग ती मुलगी इंग्रजीची प्राध्यापिका का असेना.

खात्यात अमुक इतकेच पैसे हवेत असा आकडा व्हिजिटर व्हिसाला ठरवलेला नाही. दौऱ्याचा खर्च आणि तुमची मिळकत यांचा मेळ बसला पाहिजे. मेळ बिघडतो तो अर्जाच्या आठवडाभर आधी मामाने टाकलेल्या पाच लाखांनी. अधिकाऱ्याला ती रक्कम उसनी वाटते, आणि बहुतेक वेळा ती असतेच. मोठी जमा खरी असेल तर तिच्यासोबत कागद जोडा: एफडी मोडल्याची पावती किंवा कळमना बाजारातली मालाची हिशेबपट्टी. कार्यालय हे आपणहून विचारतं, त्याबद्दल पूर्ण गुण.

गुण कापावे लागतात ते पत्राला. प्रवासाचा हेतू सांगणारं पत्र सगळ्यांना एकाच साच्यातलं मिळतं: नायगारा बघायचा आहे, निसर्ग आवडतो, परत येऊ. पण कायमचं जायचा विचार असणं हा गुन्हा नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २२(२) स्पष्ट सांगतं की पुढे कायम रहिवासी व्हायची इच्छा असली तरी तात्पुरता प्रवेश मिळू शकतो. मुदत संपल्यावर माणूस परत जाईल याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे, एवढंच. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुण देऊन पीआरसाठी निवड करणाऱ्या ऑनलाइन पद्धतीत, प्रोफाईल आधीच टाकलेलं असेल आणि पत्रात फक्त नायगारा असेल, तर दोन्ही कागद एकाच खात्याकडे आहेत हे विसरू नका. माहिती लपवली किंवा खोटी दिली असं ठरलं तर कलम ४० खाली पाच वर्षं दार बंद. अमेरिकेचा व्हिसा पूर्वी नाकारला गेला असेल तर तेही लिहावंच लागतं. कोणत्याही देशाने दिलेल्या नकाराबद्दल फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे.

त्यामुळे पत्र स्वतः लिहा. कोणती दोन शहरं बघणार, का बघणार, कोणत्या तारखेला परत कामावर रुजू होणार, हे एका पानात बसतं. सोबत मालकाचं रजेचं पत्र: मंजूर रजेच्या तारखा, रुजू होण्याची तारीख, पगार आणि सही करणाऱ्याचा फोन. ‘यांना रजा देण्यास हरकत नाही’ एवढ्या एका ओळीच्या पत्राला वजन नसतं.

अर्ज भरला की बायोमेट्रिकचं पत्र येतं आणि ३० दिवसांत बोटांचे ठसे द्यावे लागतात. १४ वर्षांखालच्या आणि ७९ वर्षांवरच्यांना सूट आहे. एकदा दिलेले ठसे १० वर्षं चालतात. नागपूरकरांना हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. वेळ कार्यालय घेऊन देतं, पण जाण्यायेण्याचा खर्च पॅकेजमध्ये नाही आणि हे पत्रकात बारीक अक्षरात आहे. सिकंदराबादची वंदे भारत सात-साडेसात तास घेते, म्हणून त्याच दिवशी दुपारची वेळ घेण्यापेक्षा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळची घ्या. पासपोर्टची मुदत वर्ष-दीड वर्षच उरली असेल तर आधी तो नवा करून घ्या, कारण व्हिसा पासपोर्टच्या पुढे जात नाही.

आता दौरा. पत्रकावर जून महिना आहे आणि क्रम असा: टोरंटो ३ रात्री, नायगारा १, ओटावा १, मॉन्ट्रिअल २, कॅलगरी-बॅन्फ ३, व्हँकुव्हर ३, एक रात्र विमानात. सहलीला हे ठीक आहे. राहायला जायचं की नाही हे ठरवणाऱ्या माणसाच्या हाती यातून काहीच लागत नाही.

देशाचा आकार आधी लक्षात घ्या. कॅनडा ९९.८ लाख चौरस किलोमीटर आहे, भारताच्या तिप्पट. टोरंटो ते व्हँकुव्हर हवाई अंतर सुमारे ३,३५० किलोमीटर, म्हणजे झिरो माइलवरून दिल्लीला रेल्वेने जाताना जेवढं अंतर पडतं त्याच्या साधारण तिप्पट. विमानाला पाच तास लागतात, आगगाडीला चार रात्री. १४ रात्रींत सहा ठिकाणं म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी बॅग भरायची. भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असलेल्या टोरंटोत झोप जुळायलाच चार-पाच दिवस जातात. ती जुळेस्तोवर बस मॉन्ट्रिअलला निघालेली असते.

दुसरी चूक महिन्याची. जूनमधलं टोरंटो आपल्या नागपूरच्या डिसेंबरसारखं सुखद असतं. तेवढं बघून होकार देणं म्हणजे डिसेंबरात नागपूर बघून मे महिन्याबद्दल मत देणं. पाहणीला फेब्रुवारी किंवा नोव्हेंबरचा उत्तरार्ध घ्या. विनिपेगमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ च्या आसपास असतं, एडमंटनला डिसेंबरात सव्वाचारलाच सूर्य मावळतो. उणे १५ मध्ये बसस्टॉपवर वीस मिनिटं उभं राहिल्यावर, मोबाईलची बॅटरी थंडीने डोळ्यांदेखत उतरताना आणि फुटपाथवर वितळून पुन्हा गोठलेला बर्फ पायाखाली काचेसारखा लागताना, जो निर्णय होतो तो टिकतो. स्वेटर आणि थर्मल नागपूरच्या तिबेटी बाजारातले आत घालायला पुरतात. बूट मात्र तिथे उतरून घ्या. इथल्या ट्रेकिंगच्या बुटांचा तळ बर्फावर घसरतो.

तेवढ्याच १४ रात्रींत दोनच शहरं ठेवा. आठ रात्री टोरंटोच्या आसपास, पाच कॅलगरी किंवा एडमंटनला, एक प्रवासात. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागाला घ्या, कारण नवीन आलेली बरीच भारतीय कुटुंबं तिथेच पाय रोवतात. पिअर्सन विमानतळावरून युनियन स्टेशनला यूपी एक्स्प्रेस ही विमानतळाची गाडी २५ मिनिटांत पोचवते. डाउनटाउनला जाताना टॅक्सी कशाला? पहिल्याच दिवशी बस-ट्रेनचं भाडं भरायचं प्रेस्टो कार्ड घ्या. त्यानंतर आठवड्यातला एक कामाचा दिवस नोकरी असल्यासारखा काढा: सकाळी सातला घरून बस, ब्रॅम्प्टनहून गो ही उपनगरी ट्रेन, युनियनवरून टीटीसी म्हणजे टोरंटोची शहर बस-मेट्रो, संध्याकाळी तसंच परत. प्रेस्टो वापरलं तर गोवरून टीटीसीवर बदलताना टीटीसीचं वेगळं भाडं पडत नाही. ही सोय फेब्रुवारी २०२४ पासून आहे. दारापासून दारापर्यंत लागलेली मिनिटं वहीत लिहा. वर्धा रोडवरून हिंगणा एमआयडीसीला जाणाऱ्याला जी सवय आहे तिच्याशी हा आकडा ताडून बघण्यासारखा असतो.

दोन-तीन दिवस भाड्याची घरं बघण्यात घाला. प्रत्येक ठिकाणी तेच चार प्रश्न: हीटिंग भाड्यात आहे का, हायड्रो म्हणजे विजेचं बिल कोणाचं, पार्किंग वेगळं का, कपडे धुण्याचं यंत्र घरात की तळघरात सामायिक? बेसमेंट दाखवत असतील तर खिडकीतून मोठं माणूस बाहेर पडू शकेल का ते बघा. आग लागली तर तोच रस्ता. टोरंटोच्या ऑन्टॅरिओ प्रांतात घरमालक शेवटच्या महिन्याचं भाडं अनामत म्हणून घेऊ शकतो, त्याहून जास्त मागत असेल तर ते नियमात बसत नाही. किराणा दोन्ही शहरांत घ्या आणि बिलं जपून ठेवा. फळीवरची किंमत करापूर्वीची असते: ऑन्टॅरिओत १३ टक्के, कॅलगरी-एडमंटनच्या अल्बर्टा प्रांतात ५. तांदूळ, भाजी, दूध अशा मूळ वस्तूंवर कर नाही, तयार जेवणावर आहे. महिन्याचा खरा खर्च या बिलांतून निघतो, एजंटच्या तक्त्यातून नव्हे. एखादी संध्याकाळ तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या लोकांसाठी राखा, आणि त्यांना पगार विचारण्यापेक्षा पहिल्या वर्षी काय काम केलं ते विचारा.

विमानाबद्दल थोडक्यात. नागपूरपासून टोरंटोपर्यंत एकाच पीएनआरवर तिकीट घ्या. पॅकेजमध्ये नागपूर-दिल्ली वेगळं काढलेलं आहे. हिवाळ्यातल्या दिल्लीच्या धुक्यात ते विमान अडकलं तर पुढचं तिकीट बुडालं, आणि ती भरपाई कोणी देत नाही. व्हिसा यायच्या आधी पक्कं तिकीट काढायची गरज नसते. ‘डमी तिकीट’ लावून देतो म्हणाले तर सरळ नाही म्हणा. सगळं मिळून विदेशी टूर पॅकेज म्हणून बिल झालं तर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, कापला जातो. तो प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या करनोंदीत दिसतो की नाही ते बघा, रिटर्न भरताना वळता होतो.

औषधं मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह, ९० दिवसांपेक्षा जास्त नकोत. संत्री नेऊ नका. सावजी मसाला आणि बाकी खाऊ जे असेल ते उतरताना जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याचा दंड होतो. १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख असेल तर तीही सांगावी लागते. प्रवेशद्वारावरचा अधिकारी सहसा सहा महिन्यांची मुदत देतो, पण ती किती द्यायची हे त्याच्या हाती असतं. बॅगेत रेझ्युमेच्या वीस प्रती आणि सगळ्या मूळ पदव्या निघाल्या तर प्रश्न वाढतात. खरं उत्तर द्या: बघायला आलो आहोत, अमुक तारखेचं परतीचं तिकीट आहे.

तिसरा भाग, पीआरचा सल्ला, घेऊच नये असा आहे. तिथे गेल्यावर नोकरीचं पत्र मिळवा, आतूनच वर्क परमिट करून घेऊ, असं काउंटरवर सांगितलं जातं. व्हिजिटरला देशाच्या आतून वर्क परमिटचा अर्ज करू देणारी कोविड काळातली सवलत २८ ऑगस्ट २०२४ ला बंद झाली. नोकरीच्या पत्राचे ५० गुण मिळतात, हेही जुनं झालं. एक्स्प्रेस एंट्रीतले नोकरीच्या ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत. या दोन वाक्यांवर विश्वास ठेवून माणसं इथली नोकरी सोडून जातात, आणि व्हिजिटर म्हणून काम करताना सापडली तर पुढचा रस्ताच बंद होतो. बंद झालेले नियम अजून विकणं अक्षम्य आहे.

पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधी होण्याचा हक्क ठरावीक लोकांनाच आहे: कॅनडातले वकील, क्वेबेकचे नोटरी, ऑन्टॅरिओतले पॅरालीगल आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचे परवानाधारक. या कॉलेजची यादी ऑनलाइन खुली आहे. समोर बसलेल्या माणसाचा नाही, तर अर्जावर सही करणाऱ्याचा परवाना क्रमांक विचारा आणि त्याच्यासमोरच मोबाईलवर शोधा. नाव निघालं तर त्याचं नाव असलेला, प्रतिनिधी नेमण्याचा आयएमएम ५४७६ फॉर्म भरून घ्या आणि ऑनलाइन खात्याचा ईमेल तुमचाच ठेवा, नाहीतर बायोमेट्रिकचं पत्र एजंटच्या इनबॉक्समध्ये पडून राहतं आणि ३० दिवस सरतात. पॅकेज नको, फक्त फाईल करून द्या, असं म्हटलं की कार्यालय आधी नाही म्हणतं, मग तयार होतं. त्या वेळी पावतीवर ‘कागदपत्र जुळवणी आणि स्कॅन’ एवढंच लिहून घ्या, आणि व्हिसा नाकारला गेल्यास त्यातले किती परत मिळणार तेही तिथेच.