रोडिनल: घरी वापरत होतोच, आता प्रवासातही नेऊन बघितलं

रोडिनल, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायचं (डेव्हलप करायचं) द्रव रसायन, घरी बरीच वर्षं वापरतोय पण यावेळी पहिल्यांदा प्रवासात नेलं. जाताना गाडी होती, येताना विमान, आणि विमानतळावरच्या नव्या सीटी स्कॅनरमधून न धुतलेला फिल्मचा रोल गेला तर फॉग (धूसर) होतो, एकदा धुतला की मग काही भीती नाही, म्हणून तिथेच धुवायचं ठरवलं.

प्रवासासाठी याच्याइतकं सोयीचं डेव्हलपर मला तरी माहीत नाही. १८९१ पासून बाजारात आहे, उगाच नाही! डी-७६ या डेव्हलपरची पावडर गरम पाण्यात कालवा, थंड होईपर्यंत थांबा, मग लिटरभर बाटली सांभाळत फिरा, यातलं काहीच नाही. पॅटरसनच्या टँकला (फिल्म धुवायच्या बंद डब्याला) ३५ एमएमच्या एका रोलसाठी २९० मिली लागतं, १+५० ने (एक भाग रोडिनल, पन्नास भाग पाणी) रोडिनल जेमतेम ६ मिली, सिरिंजने मोजायचं, फिल्म इलफर्डची एचपी५ असेल तर २० डिग्रीला ११ मिनिटं आणि वापरून झालं की संपलं. उघडलेली बाटली काळपट तपकिरी होते, होऊ दे, काम तेवढंच करते. ग्रेन (फोटोतले दाणे) मात्र ठसठशीत येतो, मला आवडतो, गुळगुळीत फोटो हवे असतील तर दुसरं बघा.

शेवटी फिल्म खळबळायच्या पाण्याचीही फार चिंता नाही, इलफर्डची पद्धत आहे ना, टँक भरून ५ वेळा उलटासुलटा, पाणी बदलून १०, परत बदलून २०, झालं धुऊन.

त्रास झाला तो चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, जिच्यात हात घालून फिल्म रिळावर चढवायची. उकाड्यात हाताला घाम येतो, आत दमट होतं आणि फिल्म प्लास्टिकच्या रिळात अर्ध्यावर अडकते, एक रोल असाच दुमडला, चार फ्रेम गेल्या, फार वाईट वाटलं. तेव्हापासून बॅग फक्त पहाटे, गारव्यात.

आणि वाळवणं! घरी बाथरूममध्ये आधी गरम पाणी सोडून वाफ करतो, धूळ खाली बसते, मग दार लावून रोल रात्रभर टांगतो. प्रवासात मात्र खोलीत पंखा बंद ठेवला तरी कुठून कुठून धूळ आली आणि ओल्या इमल्शनवर (फिल्मच्या थरावर) चिकटली, स्कॅन करताना दिसतेय.

वापरलेला फिक्सर (डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं रसायन) बेसिनमध्ये ओतू नका, त्यात चांदी असते. मी बाटलीत भरून, उरलेल्या रोडिनलच्या बाटलीसकट, गाडीने परतणाऱ्या मित्राबरोबर पाठवला. पुढच्या वेळीही रोडिनल नेणार, पण विमान नसेल तर रोल न धुता घरीच आणणार.