लॉम्बॉक: गेटर-सेटरची कटकट गेली, पण @डेटा जरा जपून

जावावाल्यांना सांगायला नकोच, दहा फील्ड प्रायव्हेट केली की वीस मेथड नुसत्या गेट-सेटच्या, म्हणजे किंमत वाचायच्या आणि बदलायच्या, आणि खरं लॉजिक शोधायला बसा स्क्रोल करत. लॉम्बॉक ही फुकट, ओपन सोर्स लायब्ररी तेवढं काम एकदम मस्त करते. क्लासवर @गेटर ही खूण (ॲनोटेशन) टाकली की कंपाइल होताना मेथड तयार. सेटर मात्र ज्या फील्डला खरंच हवा त्याच्यावरच टाकायचा, आणि तोही सगळ्यांना खुला नको असेल तर ॲक्सेसलेव्हल प्रोटेक्टेड किंवा प्रायव्हेट द्यायचा. फायनल फील्डला सेटर बनतच नाही. स्टॅटिकचं तेवढं लक्षात ठेवा, क्लासवर लावलेलं @गेटर स्टॅटिक फील्ड सोडून देतं, त्याला वेगळं लावावं लागतं.

आता तक्रार, आणि ती लॉम्बॉकपेक्षा ते वापरणाऱ्यांबद्दल जास्त आहे. लोक दिसेल त्या क्लासवर @डेटा ठोकतात, जे गेटर, सेटर, टूस्ट्रिंग वगैरे सगळं एकदम बनवून देतं. बँक खात्याचा क्लास, बॅलन्स प्रायव्हेट, वर @डेटा, म्हणजे सेटबॅलन्स कुणीही कुठूनही मारू शकतो, अरे मग प्रायव्हेट केलं कशाला? तिथे डिपॉझिट आणि विथड्रॉ हाताने लिहा, रक्कम मायनस आहे का, शिल्लक पुरते का ते त्यातच तपासा, सेटर ठेवूच नका. लिस्टचं तर अजून गमतीशीर, सेटर नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण गेटर खरी लिस्टच हातात देतो आणि समोरचा गेटआयटम्स करून थेट ॲड मारतो! अशा ठिकाणी गेटर स्वतः लिहून लिस्ट डॉट कॉपीऑफ परत द्या, तुमची मेथड दिसली की लॉम्बॉक आपली बनवत नाही. हायबरनेटच्या एंटिटीवर (डेटाबेसच्या टेबलशी जोडलेल्या क्लासवर) @डेटा असेल आणि दोन एंटिटींचं नातं दोन्हीकडून असेल तर त्यांच्या टूस्ट्रिंग (ऑब्जेक्ट मजकूर म्हणून दाखवणाऱ्या मेथड) एकमेकांना बोलवत बसतात आणि स्टॅक ओव्हरफ्लो, ते वेगळंच.

गंमत म्हणजे एन्कॅप्स्युलेशनसाठी, म्हणजे आतला डेटा बाहेरच्यांपासून झाकायला, आपण जे लॉम्बॉक वापरतो ते स्वतःच कंपाइलरच्या आतल्या खाजगी भागात हात घालून चालतं, म्हणून जावा १६ ने तो भाग कुलूपबंद केला तेव्हा जुनं लॉम्बॉक बंद पडलं, १.१८.२० घ्यावं लागलं. जावा २३ पासून ॲनोटेशन प्रोसेसिंग (कंपाइल होताना या खुणा वाचून कोड बनवणं) आपोआप चालू नसतं, प्रोसेसर पाथ, म्हणजे लॉम्बॉक कुठे आहे ते, सांगावा लागतो, नाहीतर गेटर सापडत नाही म्हणून एररचा पाऊस.

नुसता डेटा इकडून तिकडे न्यायचा असेल तर जावा १६ पासून रेकॉर्ड (न बदलणाऱ्या डेटाचा तयार छोटा क्लास) आहेच, तिथे लॉम्बॉक लागत नाही. एंटिटीला रेकॉर्ड चालत नाही, तिथे लॉम्बॉक कामाला येतं. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. टीम ऐकत नसेल तर लॉम्बॉक डॉट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये डेटाचा फ्लॅगयूसेज एरर करून टाका, कुणी @डेटा लिहिलं की बिल्डच फुटतो.