व्हॅनिलाच्या शेंगा : दहा महिने वापरल्यानंतर

आम्ही कोल्हापूरचे. घरात म्हशीचं दूध भरपूर आणि उन्हाळ्यात आईस्क्रीमचा लाकडी पॉट अजून फिरतो. त्यात आजवर बाटलीतला इसेन्सच पडायचा. गेल्या दिवाळीआधी नणंदेकडे शेंग घालून केलेलं कस्टर्ड खाल्लं आणि घरी आल्या आल्या मी शेंगा मागवल्या. त्याला आता दहा महिने झाले. दोन ठिकाणच्या मिळून पंधरा शेंगा हाताळल्यावर हे लिहिते आहे.

पहिल्या पाच ऑनलाइन घेतल्या. पातळ प्लास्टिकच्या पुडीत आल्या, वाळक्या काटकीसारख्या. वाकवायला गेले तर मोडल्या. वास होता, पण लाकडाच्या भुशासारखा, लांबून आल्यासारखा. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर ‘शेंगा अशाच असतात’ एवढंच उत्तर आलं. अशा नसतात, हे मला दुसऱ्या खेपेला कळलं.

डिसेंबरात केरळात इडुक्कीच्या एका बागायतदाराकडून दहा शेंगा आल्या, हवा काढून बंद केलेल्या पाकिटात. पाकीट फोडलं आणि वास बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. चांगली शेंग हाताला कशी लागते सांगू का? तेल पाजलेल्या चामड्याच्या वादीसारखी. रंग काळपट तपकिरी, अंगावर तेलाची चमक, लांबी जेमतेम वीतभर, आणि बोटाला गुंडाळली तरी मोडत नाही. बोटाला काळ्या मनुकेसारखा ओशटपणा राहतो. पण दाबल्यावर ओलसर, पचपचीत वाटली तर तीही घेऊ नका. ती नीट सुकवलेली नसते आणि तिला बुरशी पटकन धरते.

एका शेंगेच्या पैशात दीड-दोन लिटर दूध येतं, त्यामुळे ‘एवढी महाग कशाला?’ हा प्रश्न घरात आलाच. मी तो त्या बागायतदारालाच फोनवर विचारला. ही मुळात मेक्सिकोतली ऑर्किडची वेल. फूल एकाच सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. आपल्याकडे त्याचं परागीकरण करणारा किडा नाही, म्हणून प्रत्येक फूल माणसाला हाताने फळवावं लागतं. बारीक काडीने आतला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा. ही रीत १८४१ साली हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. आज मादागास्करपासून केरळापर्यंत मजूर तीच वापरतात. माझ्या कस्टर्डमागे त्या मुलाची बोटं आहेत, हे कळल्यापासून मी शेंगेचा तुकडाही वाया घालवत नाही. पुढे शेंग आठ-नऊ महिने वेलीवर राहते, आणि तेव्हाही हिरव्या शेंगेला वास नसतो. गरम पाण्यात बुडवणं, घोंगडीत गुंडाळून घाम आणणं, उन्हात आणि मग सावलीत सुकवणं, असं काही महिने चालतं, तेव्हा वास येतो. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो होते.

जगातली बरीचशी व्हॅनिला जिथून येते त्या मादागास्करला २००० साली हुडा चक्रीवादळाने झोडपलं, जगात भाव चढले आणि केरळ-कर्नाटकात लोकांनी वेली लावल्या. काही वर्षांतच भाव कोसळले. या गृहस्थांनीही तेव्हा अर्ध्या वेली उपटल्या होत्या. उरलेल्यांतल्या शेंगा मी खाल्ल्या.

आता वापराचं. शेंग उभी चिरायची, सुरीच्या पाठीने आतला काळा गर खरवडायचा. धारेने खरवडलं तर सालीचे तंतू येतात. पण ते काळे ठिपके म्हणजेच व्हॅनिला, हा माझा समज चुकीचा निघाला. वास बियांत फारसा नसतो, तो बियांभोवतीच्या तेलकट गरात आणि सालीत असतो. म्हणून सालही दुधात टाका. बाजारात आईस्क्रीमवर ठिपके दिसले म्हणून भुलू नका. अर्क काढून झालेल्या बियाही तशाच दिसतात.

दूध उकळताना सुरुवातीलाच शेंग टाकून आटवत बसले, तेव्हा घरभर वास सुटला आणि दुधात काही उरला नाही. आता दूध आटवून गॅस बंद करते, मग शेंग टाकते आणि झाकण ठेवून पाऊण तास हात लावत नाही. वास साईत, स्निग्धात उतरतो. म्हशीच्या दुधाला जे जमतं ते टोण्ड दुधाला जमलं नाही, दोन्ही करून पाहिलं. दीड लिटर दुधाच्या आईस्क्रीमला एक शेंग पुरते.

सगळ्यात घालू नका. बासुंदीत वेलदोडा-जायफळ असेल तर शेंग फुकट जाते. श्रीखंडात केशरापुढे टिकली नाही. हापूसला तिची गरजच नाही. कोकोच्या केकमध्ये, बिस्किटांत मला शेंग आणि इसेन्स यांतला फरक ओळखता आला नाही, तिथे साधा इसेन्स वापरा, पैसे वाचतील. पण नुसतं दूध, साय, अंडं, साखर असं जिथे काही आड येत नाही, तिथे शेंगेला तोड नाही. आणि एक अनपेक्षित जोडी जमली : आपल्याकडच्या गुळाच्या पाकात शिजवलेली केळी आणि त्यात वापरून झालेली साल.

साल दुधातून काढली की धुते, दोन दिवस सावलीत वाळवते आणि साखरेच्या बरणीत खुपसते. तीन आठवड्यांत साखरेला वास लागतो. मुलं ती दुधात घालून पितात.

साठवणीत मात्र माझं नुकसान झालं. जूनमध्ये आमच्याकडचा पाऊस लागला, दमट हवा म्हणून तीन शेंगा डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवल्या. प्रत्येक वेळी डबा बाहेर काढला की शेंगांवर दव धरायचं. जुलैत तिन्हींवर राखाडी, कापसासारखी बुरशी. कुबट वास येत होता, तिन्ही फेकल्या. ज्या दोन काचेच्या बाटलीत, बटर पेपरमध्ये गुंडाळून, घट्ट झाकणाने कपाटाच्या अंधारात होत्या, त्या अजून मऊ होत्या. पंधरा दिवसांनी एकदा उघडून पाहते, बस्स.

पण पांढरं दिसलं की फेकायचं, असंही नाही. मार्चमध्ये त्याच बाटलीतल्या शेंगेवर बारीक पांढऱ्या सुया दिसल्या होत्या. उजेडात धरल्या तर काचेच्या चुऱ्यासारख्या चमकत होत्या, आणि वास नेहमीपेक्षा गोड. ते व्हॅनिलिनचे, म्हणजे शेंगेला वास देणाऱ्या मुख्य द्रव्याचे स्फटिक, चांगल्या शेंगेवर कधीकधी आपोआप धरतात. बुरशी चमकत नाही आणि तिचा वास लगेच कळतो. ती शेंग माझी सगळ्यात चांगली निघाली.

पहिल्या पाच वाळक्या शेंगांचं काय केलं? अर्क. कोरडी शेंग अर्काला चालते, उलट तीच वापरतात. अमेरिकेच्या नियमात लिटरला साधारण १०० ग्रॅम शेंगा आणि किमान ३५ टक्के मद्यार्क धरलाय. माझ्या पाच भरल्या १२ ग्रॅम, म्हणून १२० मिली वोडका, आपल्याकडे ती ४२.८ टक्क्यांची असते, पुरेशी आहे. चिरून, तुकडे करून बाटलीत घातल्या, आठवड्याला हलवत राहिले. दोन महिन्यांत नुसता वोडकाचा वास होता, सहाव्या महिन्यात तो मागे पडला. आता रंग दाट चहासारखा आहे आणि कस्टर्डला एक चमचा पुरतो. मला वाटलं होतं ते पैसे बुडाले. बुडाले नाहीत, पण त्या विक्रेत्याकडून पुन्हा घेणार नाही.

बाटलीत आता एकच शेंग उरली आहे. इडुक्कीला तोडणी लवकरच सुरू होईल, सुकवलेला माल होळीच्या आसपास येईल असं ते बागायतदार म्हणाले. दहा सांगून ठेवल्या आहेत.